वर्गवार्तेतला पटाईत पोहणारा

समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण मी त्याला कधी हाक मारलेली नाही. आमचं मूळ घराणं पेणकडच्या मिठागरांवरचं. समुद्राशी आमचा पिढीजात व्यवहार एवढाच, की भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात वाळवायचं आणि पोत्यात भरायचं. ज्याला आपण वाळवतो त्याच्यात उडी मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. मिठागरात पाणी घोट्याच्या वर आलं, की माझे आजोबा पूर आला म्हणून घरी निघायचे.

अशा घराण्यातला मी, जीवन पाटील, अलिबागच्या एका पतसंस्थेत खुर्ची उबवणारा, पोट थोडं पुढे आणि केस थोडे मागे गेलेला माणूस, एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी उठलो तो आमच्या गावातला नामवंत जलतरणपटू होऊनच. माझा त्यात काहीही हात नव्हता. पाय तर नव्हतेच नव्हते.

झालं असं. माझी मुलगी हेमाली दुसरीत आहे. तिच्या वर्गशिक्षिका सादिया मॅडम फार उत्साही. वर्ष संपताना त्या 'वर्गवार्ता' काढतात. प्रत्येक मुलाने वर्षातली आपली एक बातमी सांगायची, मॅडमनी ती फोनला ऐकवायची, फोनने ती आपोआप टाइप करायची आणि निकालाच्या दिवशी सगळ्या पालकांच्या ग्रुपवर ती झळकायची. बातम्या मोठ्या वाचनीय असतात. यंदाच्या अंकात 'निदाचे दोन दात पडले, त्यातला एक सापडला' अशी बातमी होती. 'प्रज्योतने मधल्या सुट्टीतलं भांडण मिटवलं, भांडण त्याचंच होतं' अशीही होती. वर्तमानपत्रांनी या मुलांकडून शिकावं इतकं सगळं थोडक्यात आणि खरं.

हेमालीने सांगितलेली बातमी अशी होती : 'माझे बाबा पोह्यात पटाईत आहेत. रविवारी आई नुसती बघत बसते.'

यात खोटं काही नाही. माझे पोहे खरंच चांगले होतात. पोहे भिजवायचे नसतात, नुसते धुऊन निथळायचे असतात, आणि ओलं खोबरं वरून घालताना हात आखडायचा नसतो, या दोन तत्त्वांवर मी आजवर उभा आहे. पण सादिया मॅडमच्या फोनला पोह्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने आपल्या अकलेने छापलं : 'माझे बाबा पोहण्यात पटाईत आहेत. रविवारी आई नुसती बघत बसते.'

इथवर ठीक होतं. गैरसमज आला आणि गेला असता. पण वर्गवार्तेच्या खाली 'उन्हाळ्यात शिकू या' असं दुसरं सदर होतं. सुट्टीत मुलांनी पुस्तकाला हात न लावता काहीतरी शिकावं, आणि ते आपल्याच गावातल्या पालकांकडून शिकावं, अशी मॅडमची कल्पना. कुणाच्या आईकडे रांगोळी, कुणाच्या मामाकडे सायकलचं पंक्चर काढणं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात ठळक अक्षरांत : 'हेमालीचे बाबा : पोहणे. एक मेपासून रोज सकाळी. सोबत टॉवेल आणावा.'

तो 'टॉवेल आणावा' मी तीनदा वाचला.

मी लगेच ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला. 'सर्व पालकांस नम्र विनंती, वरील मजकुरात पोहण्याच्या जागी पोहे वाचावे' इतकं लिहून झाल्यावर कळलं, की त्या ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येतं. गुड मॉर्निंगच्या फुलांना कंटाळून मॅडमनी तशी सोय केली होती, आणि तसं करा असा आग्रह मागच्या सभेत मीच सगळ्यात मोठ्या आवाजात धरला होता.

मग मॅडमना फोन केला. निकाल वाटून त्या माणगावच्या पलीकडे बहिणीकडे गेल्या होत्या. तिथे रेंज म्हणे गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तरच येते. दिवसभराच्या प्रयत्नांनी एकदाचा फोन लागला.

"मॅडम, मी हेमालीचा बाबा. ते पोहे..."

"अय्या, हो! हेमाली सांगत असते. सुट्टीनंतर नक्की येणार खायला," मॅडम म्हणाल्या आणि टाकीपासून हलल्या असाव्यात. त्यानंतर त्या थेट जूनपर्यंत बोलल्या नाहीत.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर शेजारचे वहाबचाचा आमच्या ओट्यावर बसलेले. चाचांचं अर्धं आयुष्य बहारीनला दुकानावर गेलं. आता ते गावी असतात आणि ज्याला गरज नाही त्याला सल्ला देतात. त्यांची नात याच वर्गात, त्यामुळे वर्गवार्ता त्यांनी चष्मा पुसून वाचली होती.

"जीवन मियाँ, छुपे रुस्तम निघालास की रे! एवढा पोहणारा, आणि आमच्याशी कधी एक शब्द नाय?" मग त्यांनी मला डोक्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं. पोटापाशी त्यांची नजर जरा रेंगाळली. "खरं सांगू? बघून वाटत नाय."

बस्स. माणसाने या ठिकाणी हात जोडून सत्य सांगायचं असतं. सत्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण 'बघून वाटत नाय' हे चार माणसांच्या देखत, म्हणजे माझी बायको विनिता, मुलगी, चाचा आणि पलीकडच्या नलूकाकू यांच्या देखत म्हटलं गेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "का? का वाटत नाही?"

त्या एका प्रश्नाने मी बुडालो. पुढचं सगळं नुसतं गटांगळ्या खाणं.

"तसं नाय, पोटवाला माणूस पाण्यावर चांगला राहतो," चाचा समजूत काढत म्हणाले. "रोज सकाळी कच्चं अंडं घे. बहारीनला एक मिसरी होता, इजिप्तवाला..."

"अंडा नको नि फिंडा नको," नलूकाकू कुंपणापलीकडून ओरडल्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर पिढ्यान्पिढ्यांचा उपाय असतो. "पोरांच्या पाठीला सुका भोपला बांध. आमी सगली भोपल्यावर शिकलू. माझ्या माल्यावर हायेत पाच-सा. नेशील तवा ने."

रात्री जेवताना विनिता म्हणाली, "उद्या सरळ सांगून टाका."

"सांगतोच आहे."

"काय सांगणार बाबा?" हेमालीने विचारलं. तिच्या डोळ्यांत जो काही भाव होता तो मी गेल्या सात वर्षांत पाहिला नव्हता. "बाबा, तुम्ही मला पण कधी सांगितलं नाही, तुम्हाला पोहता येतं ते!"

"अगं, तूच ना पोहे सांगितले होतेस?"

"हो, पण छापून पोहणं आलंय," ती म्हणाली. म्हणजे मुद्दाच संपला. मोठी माणसंही याच न्यायाने चालतात, तर दुसरीतल्या मुलीला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. मुख्याध्यापक ठाकूर सर सुट्टीतही कार्यालयात बसतात. घरापेक्षा तिथला पंखा चांगला आहे असं म्हणतात. त्यांना मी पोहे आणि पोहणे यांतला भेद समजावून सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"पाटील, चूक मान्य. पण उपक्रम वर कळवला गेलाय. 'पालक सहभागातून जलतरण', तालुक्यात आपली एकच शाळा. आता रद्द करायचा तर कारण द्यावं लागेल."

"कारण हेच, की मला पोहता येत नाही."

"तसं लेखी द्या. मी ते सूचना फलकावर लावतो, एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक प्रत ग्रामपंचायतीला. 'मी, जीवन पाटील, मला पोहता येत नसल्याचं जाहीर करतो.' खाली सही. दोन साक्षीदार लागतील."

साक्षीदार कुणाला घेणार? वहाबचाचांना? मी खिशातून पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि विचारलं, "समजा पाण्याशिवाय शिकवलं तर?"

सरांनी एक डोळा उघडला. "शासनाने पाण्याचं काही म्हटलेलं नाही."

असे आमचे कोरडे वर्ग सुरू झाले. आमच्या ओट्यावर स्टुलं, पाट, एक बाक आणि दोन उशा मांडल्या. मुलांनी त्यावर पालथं पडायचं आणि हातपाय मारायचे. नंतर जमिनीवर उताणं पडून तरंगायचं. आदल्या संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघायचे आणि सकाळी तेच शिकवायचं, असा माझा अभ्यासक्रम. तरंगण्याचं सूत्र मी एका ठेक्यात बसवलं होतं : 'पोट वर, मान मागे, आभाळ बघ!' मुलं ते बेंबीच्या देठापासून ओरडत. आमच्या ओट्याला आभाळ नाही, पत्रे आहेत. पण मुलांनी कधी तक्रार केली नाही.

खरं सांगायचं तर हे दिवस फार मजेत गेले. एकही मूल बुडालं नाही. दात पडलेली ती बारकीशी निदा तर स्टुलावर इतक्या जोरात पोहायची, की स्टूलच तिला घेऊन अंगणात जायचं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत. मला 'सर' म्हणू लागले. पतसंस्थेत मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही; कर्ज नाकारलं की जे म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण पालक नावाची जमात फार दिवस स्वस्थ बसत नाही. एका सकाळी त्यांचं शिष्टमंडळच आलं. पुढे वहाबचाचा.

"सर, बिनपाण्याचं कवर चालायचं?" नलूकाकूंनी विषयाला तोंड फोडलं. "आता दर्यावर न्या पोरांना."

"भरती-ओहोटी बघावी लागते," मी गंभीरपणे म्हणालो. "शिवाय खारं पाणी नवशिक्यांच्या डोळ्यांना..."

"मग माझ्या वाडीतल्या हौदात आणा."

हा आवाज अख्तरुन्निसा खालांचा. सगळं गाव त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतं; निदाची त्या आजी. नवरा मस्कतला मोठ्या हुद्द्यावर होता, त्यामुळे बरीच वर्षं तिकडे काढून आता इथे नारळ-सुपारीची वाडी सांभाळतात. पांढरी ओढणी, हातात काठी, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप चपला काढाव्या. त्यांच्या वाडीत विहिरीशेजारी सिमेंटचा हौद आहे. पंपाने पाणी त्यात चढवतात आणि तिथून पाटाने माडांना सोडतात.

"किती खोल आहे?" मी शक्य तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"तुमच्या कमरेइतका."

माझ्या कमरेइतका हौद! जगात इतकी सुंदर खोली असू शकते हे मला माहीत नव्हतं. मी मोठ्या मनाने होकार दिला.

मात्र गावात कुठलीही गोष्ट हो म्हटल्याने होत नाही. ठाकूर सरांनी ग्रामपंचायतीची हरकत नाही ना, ते आधी बघायला सांगितलं. तिथल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली आणि अडचणीत टाकलं.

"हा हौद म्हणजे जलतरण तलाव समजायचा, की पाणीपुरवठ्याचं साधन?"

"काय समजलं तर बरं पडेल?"

"तलाव समजला तर जीवरक्षक हवा, शिट्टी हवी, कपडे बदलायची खोली हवी. पाणीपुरवठा समजला तर त्यात उतरायला बंदी आहे."

"आणि नुसताच हौद समजला तर?"

"नुसता हौद असा रकाना नाही."

आम्ही दोघंही रकान्यांकडे खिन्नपणे बघत बसलो. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. चहा आल्यावर त्यांनाच सुचलं. "पाटील, पोरं तिथे आंघोळ करतात असं म्हणा ना. आंघोळीला परवानगी लागत नाही. फक्त साबण न्या, म्हणजे मला खोटं बोलल्यासारखं वाटणार नाही."

त्या दिवसापासून आमची मुलं जलतरणाला साबण घेऊन जाऊ लागली.

हौदातलं शिक्षण बरं चाललं. नलूकाकूंचे भोपळे मुलांच्या पाठीला बांधले. मी मधोमध कमरेभर पाण्यात उभा राहून एकेकाच्या पोटाखाली हात धरायचो. 'पोट वर, मान मागे' सुरू झालं, आणि काय सांगू, मुलं खरंच तरंगू लागली. आधी भोपळ्यासकट, मग भोपळ्याशिवाय. हेमाली पहिल्यांदा माझ्या हातावरून सुटून एकटी तरंगली, तेव्हा मी एवढा दचकलो की माझाच पाय घसरला, पण हौद लहान म्हणून कड हाताला लागली आणि अब्रू बचावली. मी स्वतः पाय तळाला रोवून असायचो. जमीन आहे तोवर माणूस आहे, असं माझं मत.

खाला रोज खुर्ची टाकून बसत. एक दिवस मुलं कपडे बदलायला पळाल्यावर त्या म्हणाल्या, "जीवन, तुम्ही रोज पाण्यात असता, पण तुमचा बनियन छातीपाशी कधी भिजत नाही."

"शिकवताना स्वतः पोहू नये, असा नियम आहे," मी म्हणालो.

"असं का," खाला म्हणाल्या आणि पान लावू लागल्या. त्या 'असं का'ने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मे संपत आला तसा ठाकूर सरांनी सांगता समारंभ जाहीर केला. पालकांसमोर मुलांचं प्रात्यक्षिक, वर पाठवायला फोटो, आणि शेवटी 'प्रशिक्षक श्री. पाटील यांचे जलतरण'. हा शेवटचा कार्यक्रम मी तीन वेगवेगळ्या आजारांची नावं सांगून रद्द करायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, "हौदात एक चक्कर मारा हो, फोटोपुरती."

समारंभाच्या दिवशी पहाटेच लाइट गेली. पंप बंद. हौदातलं पाणी आदल्या संध्याकाळी माडांना सोडलेलं. हौद कोरडा ठणठणीत! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी आतल्या आत विजेच्या तारांना नमस्कार केला, बाहेरून चुकचुकलो, आणि म्हणालो, "अरेरे, आता भाषणांवरच भागवावं लागणार."

"भाषणं विहिरीपाशी करू," सर म्हणाले. "जलपूजन तरी होईल."

खालांची विहीर जुनी, चिरेबंदी, आत उतरायला रुंद पायऱ्यांची. वैशाखातही तिला दोन पुरुष खोल पाणी असतं. पालक वर काठावर, मुलं वरच्या पायऱ्यांवर ओळीने उभी, मी त्यांच्याजवळ. ठाकूर सर हातात नारळ घेऊन सावकाश पाण्यापर्यंत उतरले. फोटोसाठी थांबले. "वर बघा सर," कुणीतरी म्हणालं. सरांनी वर बघितलं, हसले, आणि नारळासकट शेवाळावरून थेट पाण्यात गेले.

आवाज फार मोठा झाला नाही. डुब्ब, एवढाच. नारळ लगेच वर आला. सर आले नाहीत.

मग आले. हात वर, तोंड उघडं, आणि एकच शब्द, "पाटी..." की पुन्हा आत.

वर काठावर जेवढे चेहरे होते ते सगळे माझ्याकडे वळले. कुणी ओरडलंसुद्धा नाही. ओरडायचं कशाला? पटाईत पोहणारा तिथेच उभा होता ना. हेमाली माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी शूर नाही. उडी मी मारली की माझ्या पायांनी मला न विचारता मारली, याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही. पाणी थंडगार होतं आणि त्याला तळ नव्हता. तळ नाही हे पायांना कळतं त्या क्षणी माणसाला आपले सगळे पूर्वज आठवतात. माझे तर मिठागरातले. मी नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो तेवढ्यात सरांनी मला धरलं. म्हणजे मी त्यांना वाचवायला गेलो होतो आणि त्यांनी मला खाली दाबायला घेतलं. दोघंही खाली निघालो.

आणि तेवढ्यात वरून तो आवाज आला. सगळ्या वर्गाचा, एका सुरात :

"पोट वर! मान मागे! आभाळ बघ!"

माझी मान आपोआप मागे गेली. महिनाभर तेच ओरडून ओरडून ते माझ्याही हाडात भिनलं असावं. मी पोट वर केलं. वहाबचाचा म्हणाले होते तेच खरं, पोटवाला माणूस पाण्यावर चांगला राहतो. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ दिसलं. मी तरंगत होतो. चक्क तरंगत होतो!

"ठाकूर सर, तुम्ही पण!" निदा किंचाळली. "पाटील सरांना सोडा! पोट वर!"

मुख्याध्यापकांना असा आदेश देण्याची संधी दुसरीतल्या मुलीला रोज मिळत नाही. पण सरांनी ऐकलं. त्यांनी माझा गळा सोडला, फक्त बनियन धरून ठेवला, आणि पोट वर केलं. आम्ही दोघं आभाळाकडे बघत, शेजारी शेजारी, मधे नारळ, असे त्या विहिरीत पडून राहिलो.

"हालू नका दोघं," खालांचा आवाज आला. त्यांनी पोहऱ्याच्या दोराला नलूकाकूंचे भोपळे बांधून पाण्यात सोडले होते. "भोपळा धरा. ओढा रे!" वहाबचाचा आणि पालकांनी आम्हाला मचव्यासारखं पायरीला लावलं.

पायरीवर बसून मी किती वेळ नुसता धापा टाकत होतो. वर टाळ्या सुरू झाल्या होत्या. कुणी 'पाटील सर की जय' म्हटलं. हेमाली येऊन ओल्या अंगाला बिलगली. आता गप्प बसलो असतो तर आयुष्यभर हीरो राहिलो असतो. पण अंगात जे पाणी गेलं होतं त्याच्याबरोबर सगळा ताठाही बाहेर आला.

"टाळ्या थांबवा," मी म्हणालो. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. ते पोहे होते."

विहिरीत शब्द घुमतात. 'पोहे होते, पोहे होते' असं दोनदा ऐकू आलं.

"येत नाही?" शेजारून ठाकूर सर कुडकुडत म्हणाले. त्यांना मी महिन्याभरापूर्वी त्यांच्याच कार्यालयात हे सांगितलं होतं, पण तेव्हा ते कोरडे होते. "मग उडी का मारली?"

"सगळे बघत होते."

सरांनी यावर विचार केला. मग त्यांनी माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

वहाबचाचा दोर गुंडाळत होते. त्यांनी घसा खाकरला. "खरं सांगू का, जीवन? आता बात निघालीच हाय तर... पोहायला मला पण येत नाय. बहारीनला इतकी वर्षं काढली, चारी बाजूंनी समिंदर. मी पाय पण भिजवला नाय."

"मला पण जमत न्हाय," पाठीमागून कुणी तरी म्हणालं. मग आणखी कुणी. समुद्राच्या कुशीतल्या आमच्या गावातले कितीतरी बाप एकेक करून कबूल होत गेले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घट्ट बूट काढल्यावर येतो तसला भाव होता. माझ्याही छातीवरचं ओझं असं उतरलं, की मी ओल्या पायरीवर बसून मोठमोठ्याने हसू लागलो. हेमालीला मात्र वाईट वाटेल अशी धास्ती होती. मी तिच्याकडे चोरून पाहिलं.

"मग तुम्ही पोहता न येताच उडी मारली?" ती म्हणाली.

"हो गं."

"बाबा, परत असं करू नका हं," ती अगदी सादिया मॅडमच्या आवाजात म्हणाली, आणि मला आणखी घट्ट बिलगली.

"झालं तुमचं सगळ्यांचं?" खाला काठी आपटत म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणूनच मी रोज खुर्ची टाकून बसायचे. पोरांच्या जिवाशी खेळ मी तुमच्या भरवशावर होऊ दिला असता होय? मस्कतला दहा वर्षं बायकांच्या क्लबात पोहणं शिकवलंय मी." त्यांनी सगळ्या बापांवरून नजर फिरवली. "उद्यापासून मोठ्यांचा वर्ग. लाइट आली की हौद भरते. साबण आणायची गरज नाही."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे ते शेवटचे दिवस मी विसरणार नाही. हौदात आम्ही सगळे बाप ओळीने कड धरून, काठावर आमची मुलं पाय सोडून बसलेली, आणि खुर्चीवर खाला. ठाकूर सर पाठीला दोन भोपळे बांधून पाय मारत असतात. थकले की काठावरच्या निदाला विचारतात, "आता बाहेर येऊ का?" ती म्हणते, "अजून थोडं." सर निमूट पुन्हा पाय मारू लागतात.

मला आता कडेशिवाय तरंगता येतं. पुढे जाता येत नाही. पण पुढे जायची मला तशी घाईही नाही. उताणं पडावं, माडांच्या झावळ्यांतून आभाळ बघावं. एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती, नाहीतर मी केव्हाच शिकलो असतो : उताणं तरंगताना कान पाण्याखाली जातात. काठावर वहाबचाचा पोटावर तेल कुठलं चोळावं ते तळमळीने सांगत असतात, नलूकाकू त्यांचं खोडून काढत असतात, दोघांचेही ओठ हलताना मला दिसतात. मी आदराने मान डोलावतो, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही.